नवी वसाहत आणि शाळेचा पट : येवल्याच्या निमित्ताने

नगराची वाढ झाली की शाळा अपुऱ्या पडतात, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची फोड करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु नाशिक जिल्ह्यातील येवल्यासारख्या मध्यम नगराचा विचार करू लागताच ह्या विधानातील ढोबळपणा उघड होतो. शाळेची सामावून घेण्याची शक्ती ही नगरातील सर्व वर्गखोल्यांची बेरीज नव्हे. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्याच्या पायांच्या आवाक्यात जी खोली आहे तीच काय ती शाळा. म्हणूनच एकाच नगरात जुन्या पेठेतील शाळेचे बाक रिकामे राहणे आणि वेशीबाहेरच्या वसाहतीस शाळाच नसणे, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी संभवतात. आणि सरासरीचे आकडे दोन्ही झाकून टाकतात.

प्रथम हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका कुटुंबात सरासरी ४.६ माणसे होती आणि शून्य ते सहा वर्षे वयाच्या बालकांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे ११.९ टक्के होते. ह्या वयोगटात सात वर्षे येतात. तेव्हा शंभर कुटुंबांमागे, म्हणजे ४६० माणसांमागे, प्रत्येक वयाची सुमारे आठ मुले धरावी लागतात. पहिली ते पाचवी ह्या पाच इयत्तांत ती सुमारे चाळीस होतात. २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार व दोनशेपर्यंत पाच शिक्षक द्यावयाचे असतात. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळावयाचा तर पट दीडशेच्या वर जावा लागतो. सर्व मुले सार्वजनिक शाळेतच येतील असे घटकाभर गृहीत धरले, तरी मुख्याध्यापक असलेली प्राथमिक शाळा उभी राहण्यास जवळजवळ चारशे घरांची वस्ती लागते. नगररचनेच्या केंद्रीय मार्गदर्शिकेत पाच हजार लोकवस्तीस एक प्राथमिक शाळा व तिजसाठी ०.४ हेक्टर जागा असे मान दिले आहे. ते ह्याहून कितीतरी सैल आहे.

येवल्याची लोकसंख्या २००१ मध्ये ४३,२०५ होती, ती २०११ मध्ये ४९,८२६ झाली. दहा वर्षांतील वाढ ६,६२१, म्हणजे १५ टक्क्यांच्या किंचित वर. वरील प्रमाणाने ह्या वाढीतून पहिली ते पाचवीसाठी सुमारे साडेपाचशे मुले निघतात. हा भार एका नगराने दहा वर्षांत उचलावा, ह्यात भयंकर असे काही नाही. अडचण आहे ती हा भार कोठे पडतो ह्यात.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नव्या घरात राहावयास येणारी सर्वच मुले नगरास नवी नसतात. येवल्यातील पैठणीचा हातमाग पुष्कळदा राहत्या घरातच असतो. अशा घरातील भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणजे दुसऱ्या कुटुंबास निजण्याबसण्याची जागा पुरत नाही, मागासही जागा लागते. ती जुन्या पेठेत मिळणे कठीण. मग वेशीबाहेर भूखंड घेतला जातो. अशा कुटुंबाची मुले आधीच पेठेतील शाळेच्या पटावर असतात. त्यांच्या स्थलांतराने नगरातील मुलांची संख्या एकानेही वाढत नाही, परंतु एका शाळेचा पट घटतो आणि दुसऱ्या ठिकाणी मागणी उत्पन्न होते. ह्याउलट तालुक्यातील खेड्यांतून व्यवसायासाठी येणारी कुटुंबे खरोखरीच नवी मुले आणतात. पहिल्या प्रकारात जुन्या शाळेचा प्रश्न अधिक बिकट, दुसऱ्यात नव्या वसाहतीचा. घरांच्या संख्येवरून दोहोंतील फरक कळत नाही.

मुंबई-पुण्याकडील मोठ्या गृहसंकुलात दोनतीनशे सदनिका एकदम भरतात व शाळेच्या दारी एका जून महिन्यात रांग लागते. मध्यम नगराचा प्रकार निराळा. येथे शेतजमीन बिनशेती होते, अभिन्यास मंजूर होतो, भूखंड विकले जातात. पण घरे मात्र एकेक करून, दहादहा वर्षे बांधली जात राहतात. कित्येक भूखंड नुसते गुंतवणूक म्हणून पडून असतात. मुले येतात ती ठिबकत येतात. कोणत्याही एका वर्षी एखाद्या अधिकाऱ्याचे लक्ष वेधावे इतकी त्यांची संख्या होत नाही, आणि जेव्हा होते तेव्हा शाळेजोगी जागा उरलेली नसते.

ह्या संथपणास नियमांची साथ मिळते. २०२० च्या डिसेंबरात अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. परंतु ती क्रीडांगण-उद्यानासाठी, शाळेसाठी नव्हे. सुविधा-क्षेत्राचे बंधन विकास योजनेच्या हद्दीत दोन हेक्टरांपासून पुढे, आणि तेही पाच टक्क्यांचे. दोन हेक्टरांत रस्ते व मोकळी जागा वजा जाता दीडशे चौरस मीटरांचे सुमारे ऐंशी भूखंड बसतील. त्यातून मिळणारे सुविधा-क्षेत्र १,००० चौरस मीटर; शाळेस हवे ४,०००. जमीनमालकाने आठ हजार चौरस मीटरांचे दहा अभिन्यास निरनिराळ्या वेळी मंजूर करून घेतले, तर आठ हेक्टरांची वसाहत उभी राहते आणि सुविधा-क्षेत्र एक मीटरही मिळत नाही. गुंठेवारीने झालेल्या वस्त्यांत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने व २०२१ च्या दुरुस्तीने (जिने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली) घरे नियमित होतात, पण शाळेची जागा मागाहून निर्माण होत नाही.

मोठ्या आरक्षणांची कथा याहून फारशी वेगळी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत शाळेसाठी जागा राखून ठेवता येते. तथापि कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्याइतकीच दिलासा रक्कम देणे आले. जमीनमालकाच्या बाजूने पाहता हे न्याय्यच आहे. दशकानुदशके जमीन अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही नगरपरिषदेस असू नये. पण लहान नगरपरिषदेच्या तिजोरीस हा खर्च झेपत नाही, आणि नकाशावरील पिवळा वा निळा चौकोन यथाकाल भूखंडांत विरून जातो.

वसाहत नगराच्या हद्दीपलीकडे पसरली की आणखी एक गुंता होतो. येवल्यालगत अंगणगाव, बाभुळगाव अशी गावे आहेत. अशा लगतच्या गावांत घर बांधणारा मनुष्य व्यवहाराने नगराचा, परंतु कागदोपत्री ग्रामपंचायतीचा असतो. तेथील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, बांधकामाची परवानगी देणारे अधिकारी वेगळे, आणि नगराची विकास योजना करणारे तिसरेच. १९९२ मध्ये नगररचना अधिनियमात विकास-शुल्काचे प्रकरण घालण्यात आले. त्याची रक्कम नियोजन प्राधिकरणाच्या निधीत जाते. ज्या संस्थेने वर्गखोली बांधावयाची, तिच्या हाती त्यातील काही पडेलच असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ पासून नव्या बांधकामावर चौरस फुटामागे शुल्क घेण्याचा अधिकार थेट शाळा-जिल्ह्यांनाच दिला, हे ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

खोली असली तरी शिक्षक हवा. शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता प्रत्यक्ष पटावर. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट प्रमाण मानण्याची रीत चालत आली आहे. म्हणजे मूल आधी आले पाहिजे, मग शिक्षक. पालकाचा विचार नेमका उलट दिशेने चालतो: शिक्षक पुरेसे नाहीत असे दिसताच तो मुलास अन्यत्र घालतो, आणि ज्या पटाच्या बळावर पद मिळावयाचे तो पटच उभा राहत नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर अशा ‘अन्यत्र’ची वाण राहिलेली नाही; ज्यांस शुल्क व वाहनभाडे परवडते त्यांचा प्रश्न तेथे सुटतो. उरतो तो मागावर किंवा रोजंदारीवर पोट असलेल्यांचा.

अंतराचा नियमही ह्या वर्गासच अधिक जाचतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. परंतु नकाशावर काढलेले वर्तुळ रस्ता ओळखीत नाही. येवल्यात नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे दोन वाहते मार्ग एकमेकांस छेदतात. महामार्गाच्या पलीकडील सातशे मीटरांवरची शाळा लहान मुलाच्या लेखी ‘जवळ’ नसते. तरीही शासकीय अथवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेस पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट द्यावी, अशी दुरुस्ती राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. त्या शाळेत जागा व शिक्षक आहेत काय, हे विचारण्याची तरतूद तीत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली.

मग वसाहत तेथे शाळा बांधीत सुटावे काय? तेही घाईचे ठरेल. एकाच सुमारास वसलेल्या वस्तीत तरुण जोडपी एकदम येतात, मुले एकदम शाळेत जातात व एकदम बाहेर पडतात. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाऊन येथे १९४७ ते १९५१ ह्या काळात सतरा हजारांवर घरे बांधली गेली. तेथील शाळा प्रथम ओसंडल्या आणि पुढील पिढीत त्यांतील काही बंद कराव्या लागल्या. महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ इतका उतरला होता. तेव्हा आज बांधलेल्या प्रत्येक खोलीस पंचवीस वर्षांनी विद्यार्थी मिळेलच असे नाही. खोल्या टप्प्याटप्प्याने बांधता येतात, जुन्या शाळेचे रिकामे वर्ग अंगणवाडीस देता येतात, शिक्षकाची बदली होते. जागा मात्र एकदा भूखंडांत वाटली गेली की परत मिळत नाही. म्हणून जमीन आधी घ्यावी, इमारत मागाहून वाढवावी, हाच क्रम व्यवहार्य दिसतो. आणि त्यासाठी आठ-दहा लहान अभिन्यासांचे सुविधा-क्षेत्र एकत्रित मोजण्याची तरतूद आवश्यक ठरते.

ह्या मोजणीस आधार कशाचा घ्यावयाचा? २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. दरम्यानच्या काळात प्रभागवार वयोगटांचे सोळा वर्षांपूर्वीचे आकडे हाताशी धरून काम चालवावे लागले. तथापि बांधकाम परवानग्यांची नोंदवही नगरपरिषदेत असते, जन्मनोंदीही तेथेच होतात, लसीकरणाच्या याद्या आरोग्यसेविकांकडे असतात, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून कोणते मूल कोणत्या पेठेतून गेले हे मुख्याध्यापकास सांगता येते. ह्या चार नोंदी एका नकाशावर मांडण्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याचे एक वर्ष पुरेल.