बालकाचा मेंदू आणि चिमूटभर मीठ

बाळाला जुलाब-वांत्या होऊं लागल्या म्हणजे घरांतील वडील मंडळींचें सारें लक्ष त्याच्या पोटाकडे लागतें. तें स्वाभाविकच आहे. परंतु या दुखण्यांत मोठा धोका कित्येकदां मेंदूला असतो, ही गोष्ट आम्ही आमच्या वाचकभगिनींच्या ध्यानांत आणून देऊं इच्छितों.

मिठांतील सोडियम हें द्रव्य रक्तांत दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावें लागतें. तें फार उतरलें कीं पाणी मेंदूच्या पेशींत शिरतें व मेंदू सुजतो. मुलांच्या कवटींत सुजेला जागा थोडी. त्यामुळें बाळ मलूल होतें, त्याला झटके येतात, प्रसंगीं श्वासही थांबतो. उलट प्रमाण १६० च्या वर चढलें, तर पेशींतील पाणी बाहेर ओढलें जाऊन मेंदू आक्रसतो, आणि त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून फुटूं शकतात. असें मूल प्रथम किरकिरें होतें, कर्कश रडतें व मग गुंगींत जातें. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन शहरीं १९६२ सालीं एका रुग्णालयांत अर्भकांच्या दुधांत साखरेऐवजीं चुकून मीठ पडलें; सहा बालकें दगावलीं.

रुग्णालयांत सलाईन थेंबथेंब चाललेलें पाहून नातलग अधीर होतात. पण येथें घाई घातक ठरते. चढलेलें सोडियम भराभर उतरविल्यास मेंदू सुजतो. बरेच दिवस उतरलेलें भराभर चढविल्यास मज्जातंतूंचें आवरण झडून अपंगत्व येऊं शकतें. म्हणून चोवीस तासांत सुमारें १० मिलिमोलांहून अधिक फरक डॉक्टर सहसा पडूं देत नाहींत. सोडियम उतरून झटके येत असतील, तर मात्र पहिले कांहीं मिलिमोल त्वरेनें चढवावे लागतात.

घरीं काय करावें? जलसंजीवनीच्या पुडीवर लिहिलें असेल तितकेंच पाणी मोजून घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरविलेल्या प्रमाणांत लिटरमागें सोडियम ७५ मिलिमोल असतें. लिटरची पुडी अर्ध्या लिटरांत कालविली कीं तें दुप्पट झालें! डब्याच्या दुधाची भुकटीही शीग लावून घालूं नये. सहा महिन्यांआंतील बाळाला आईचें दूध पुरे. उन्हाळा म्हणून साधें पाणी पाजूं नये. जुलाबांत जलसंजीवनी देतांनाही अंगावरचें दूध चालूच ठेवावें.

झटका आला, मूल गुंगूं लागलें किंवा पितच नाहींसें झालें, तर घरगुती उपायांत एक घटकाही न दवडतां त्याला रुग्णालयांत न्यावें. आणि आतांपर्यंत काय, किती व कशांत कालवून पाजलें, हें डॉक्टरांना न लपवितां सांगावें.