खपली धरेपर्यंत

घाव घालण्यास क्षण पुरतो. तो भरून येण्यास ऋतू लागतात. हे सत्य आम्हांस पुस्तकाने नव्हे, एका विद्यार्थ्याने शिकविले.

इच्छापोर हे आमच्या वास्तव्याचे गाव सुरतेहून हजिऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकांच्या घरात पाणी सुटले आणि तापीने सुरतेचा बहुतेक भाग बुडविला. पूर ओसरून शाळा भरली, तेव्हा खानदेशातून पोटासाठी आलेल्या घरातील एक मुलगा वहीवाचून आला. ‘पुराचे निमित्त किती दिवस सांगणार?’ असे आम्ही सर्वांदेखत बोललो. सायंकाळी कळले, की त्याच्या घरातील वह्याच काय, धान्यही वाहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली आणि प्रकरण मिटले असे मानले. पण मुलगा मान वर करीना. तेव्हा उमगले, की क्षमा मागून आमचे मन हलके झाले होते, त्याचे नव्हे. मग आम्ही त्यास कोरी वही दिली, रोज त्याचे शुद्धलेखन जवळ बसून तपासले, आणि बोलण्याचा आग्रह सोडला. शिमगा उलटल्यावर एके दिवशी फळ्याकडे बोट करून तो म्हणाला, ‘सर, तिथे वेलांटी दीर्घ हवी.’ आमची चूक दाखविण्याइतका विश्वास परतला होता!

सुरतेचेही असेच झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लाखो लोक शहर सोडून गेले. तो कलंक भाषणांनी धुतला गेला नाही. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले. कचरा नित्य उचलला जाऊ लागला. पुढे देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. तेथेही गुण आला तो नित्याच्या कामानेच.

वाचकहो, आपल्या घरांतही कठोर शब्द निघतात. ‘चुकलो’ म्हणणे ही जखम धुणे होय. ती भरणे नव्हे. ‘आता विसर की!’ असा तगादा लावणे म्हणजे ओली खपली ओढणे. दुखावणाऱ्याने रोजची शुश्रूषा करावी. दिवस किती लागतील, हे दुखावलेल्याने ठरवावे.