पळणारी गाडी आणि पळवलेली गाडी

मैत्रिणींनो, टीव्ही आता आपला राहिला नाही, ही तक्रार बचत गटाच्या बैठकीत हमखास निघते. मालिकेची वेळ झाली की पोरं हातात ते कंट्रोलर घेऊन बसतात आणि पडद्यावर गाड्या सुसाट सुटतात. आपण कणिक मळता मळता आतून ओरडतो, "अरे बंद कर ते एकदाचं!" मी म्हणते, एकदा पदराला हात पुसून त्यांच्या शेजारी जाऊन बसा. ते काय खेळतात, कोणती गाडी घेतात, तिला काय काय लावतात, हे विचारा. पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते प्रगतिपुस्तकापेक्षा तिथं जास्त कळतं.

मी बसले त्याला कारणही तसंच होतं. आम्ही विष्णुपुरीत राहतो. इथल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात आमचा भाचा तिसऱ्या वर्षाला आहे आणि राहायला आमच्याकडेच आहे. चौघा मित्रांनी वर्गणी काढून जुनं प्लेस्टेशन घेतलं आणि आमचा टीव्ही मोठा म्हणून ते आमच्याच घरी आणून ठेवलं. तेवढ्यात अहमदपूरहून नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, हा गाडीसाठी पंचवीस हजार मागतोय. रिमॅप का काय करायचं म्हणतोय. मला तर काहीच कळंना. तुम्हीच बघा काय ते." गाडी म्हणजे त्यांची जुनी डिझेलची. सासूबाईंना लातूरला दवाखान्यात न्यायची आणि लग्नकार्याला सगळ्यांनी कोंबून बसायची. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातला हिशोब बदलायचा, की तेच इंजिन जास्त जोर लावतं. बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र गाडी बदललेली असते.

पोराला सरळ नाही म्हटलं असतं तर तोंड फुगवून बसला असता. मी म्हटलं, "हे असलं तुझ्या खेळात करता येतं का रे? मला दाखव बरं." स्वारी एकदम खुलली.

त्या खेळाचं नाव ग्रॅन टुरिस्मो. काझुनोरी यामाउची नावाच्या जपानी माणसाने १९९७ मध्ये तो आणला. आमच्याकडे आहे तो सातवा भाग, २०२२ चा. यात नुसती गाडी पळवायची नसते. गाडी विकत घ्यायची, दुकानात न्यायची, टर्बो लावायचा, वजन कमी करायचं, टायर बदलायचे. रोजच्या वापरासाठी बनलेली गाडी अशी सजवून पळवता येते, नाहीतर मुळात शर्यतीसाठीच बांधलेली गाडी घेता येते. दोघींची तुलना व्हावी म्हणून खेळ प्रत्येक गाडीला गुण देतो. ताकद, वजन, टायर, हवेचा दाब असं सगळं धरून एक आकडा.

भाच्याची लाडकी गाडी निसान जीटी-आर. ही खरीखुरी गाडी आहे, २००७ पासून रस्त्यावर आली. तिचं शर्यतीचं रूपही आहे. दोघी एकाच आईच्या लेकी, पण एक संसाराला लागलेली आणि दुसरी तालमीत वाढलेली. ताकदीत फारसा फरक नाही, दोन्हींची पाचशे-साडेपाचशे हॉर्सपॉवरच्या घरात. पण रस्त्यावरचीचं वजन साधारण १,७५० किलो आणि शर्यतीचीचं १,३०० च्या आसपास. म्हणजे सहा-सात माणसं उतरवून टाकल्यासारखं. मागची सीट नाही, गालिचा नाही, डिकीत बॅगा ठेवायची सोय नाही. वर मागे भलामोठा पंखा. हा पंखा फिरत नाही बरं का. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला असतो म्हणून गाडीला खाली दाबतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, त्यामुळे वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहते. टायरही वेगळे, अगदी गुळगुळीत. गरम झाले की डिंकासारखे चिकटतात आणि पावसात मात्र शेणावरून घसरल्यासारखे घसरतात.

आपल्याकडच्या बायांना हे समजावं लागू नये खरं तर. माझ्या माहेरी लाल कंधारी बैल होते. माळेगावच्या यात्रेत तुम्ही बघितले असतील, लालभडक, भरदार. नांगराला, ओझ्याला त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण शंकरपटात धावणारी जोडी वेगळी, तिचा खुराक वेगळा आणि तिच्यामागचा छकडाही हलका, उचलला तर दोघांनी उचलावा असा. कडब्याच्या गाडीला पटाची जोडी जुंपली तर काय होईल? बैल पळतील हो. गाडीचं आणि गाडीवानाचं काय होईल ते विचारा.

मग आम्ही शर्यत लावली. जपानमधल्या सुझुकाचा रस्ता घेतला. इंग्रजी आठसारखा आहे तो, स्वतःलाच पुलावरून ओलांडतो, एक फेरी ५.८ किलोमीटरची. एका बाजूला भाच्याने पैसे ओतून सजवलेली रस्त्यावरची जीटी-आर, ताकद वाढवून वाढवून कुठल्या कुठे नेलेली. दुसऱ्या बाजूला शर्यतीची, तिला मुद्दाम थोडी ताकद कमी केलेली. गुण जवळजवळ सारखे. पहिल्या फेरीत भाचा हसत होता. सरळ रस्त्यावर त्याची सजवलेली गाडी तीरासारखी गेली. नागमोडी वळणं आली तसा फरक दिसू लागला. जड गाडीला आधी ब्रेक लावावा लागे, वळताना ती बाहेर फेकली जाई. तरी एका फेरीत फार अंतर पडलं नाही.

मी म्हटलं, "एकाच फेरीत काय कळतं? दहा लाव. आणि टायर झिजतात ना खरे, तेही चालू कर." खेळात तशी सोय आहे. पाचव्या फेरीपासून सजवलेल्या गाडीचे पुढचे टायर गेले. साडेतीन-चारशे किलो जादा ओझं प्रत्येक वळणावर त्याच टायरांवर पडत होतं. सातव्या फेरीला ती वाळूत जाऊन बसली. भाचा म्हणाला, "मामी, जोर आहे हो हिच्यात, पण ही थांबतच नाही." मला जे ऐकायचं होतं ते तो स्वतःच बोलला. मी काही बोलले नाही. चहा टाकायला आत गेले.

खरी गोष्ट तर खेळ दाखवतच नाही. साठच्या वेगाने जाणारी गाडी एकशेवीसने गेली की तिला थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. वारंवार जोरात दाबले की साधे ब्रेक तापून ढिले पडतात. आमचा नांदेड-लातूर रस्ता आता चांगला मोठा झालाय, पण लोह्याच्या पुढे रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागे एकही दिवा न लावता चालतो, त्याचं काय? सुझुकात म्हशी आडव्या येत नाहीत. आणि खेळात वाळूत गेलेली गाडी दोन सेकंदांत परत रस्त्यावर येते.

भाच्याचा हिरो आहे जान मार्डेनबरो. घरात हाच खेळ खेळणारा ब्रिटनचा पोरगा. २०११ मध्ये निसानच्या स्पर्धेत हजारो खेळाडूंमधून निवडला गेला आणि खरा शर्यतपटू झाला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तो भाच्याने चारदा बघितलाय. पण मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या नूरबर्गरिंगवर त्याची जीटी-आर, हो, तीच शर्यतीची जीटी-आर, एका चढावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. एका प्रेक्षकाचा जीव गेला. (सिनेमात हा अपघात ल मान्सच्या आधी दाखवलाय. घडला नंतर. मला हे पटलं नाही. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं.) मार्डेनबरो वाचला. का? त्या गाडीत लोखंडी पिंजरा असतो, खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून आवळणारे पट्टे असतात, हेल्मेट आणि मान धरून ठेवणारी पट्टी असते, अंगात आग न लागणारे कपडे असतात. आपल्या गाडीत वेग तिच्यासारखा भरता येतो. हा पिंजरा कुणी भरत नाही, आणि भरला तर सासूबाई मागे बसणार कुठे?

वेगाचा मला राग आहे असं समजू नका. पुण्याची डायना पुंडोले, शिक्षिका, दोन लेकरांची आई, तिने ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेती झालेली ती पहिली भारतीय महिला. सलून म्हणजे आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या गाडीचीच शर्यतीसाठी तयार केलेली बहीण. ती बातमी मी कापून फ्रिजवर चिकटवली आहे. तिच्या गाडीतही पिंजरा आहे, ट्रॅकवर डॉक्टर आहेत, आणि समोरून कुणी येत नाही.

नणंदबाईंना मी एक वेगळी गोष्टही सांगितली, कारण गाडी त्यांच्या यजमानांच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवली त्यापेक्षा वेगळी गाडी आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर भरपाईवरून वाद ठरलेलाच. भाऊजी हे ऐकून म्हणाले, "म्हंजे पैसे मी द्यायचे आन् जेलातबी मीच जायचं व्हय?"

भाच्याने रिमॅपचा विषय सोडला असं मी म्हणणार नाही. "नोकरी लागली की बघू" असं तो म्हणतो, आणि त्या वयाने असंच म्हणावं. पण त्या पंचवीस हजारांतून काय घ्यायचं हे त्यानेच ठरवलं. आम्ही दोघं नांदेडला टायरच्या दुकानात गेलो. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात, तुम्हीही घरची गाडी तपासा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमच्यावर होतं २३१५. म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. वरून नक्षी बरी दिसत होती, पण बाजूने बारीक भेगा गेल्या होत्या. याच टायरांवर सासूबाईंना घेऊन सगळे लातूरला जात-येत होते.

चार टायर घेतले, पुढचे ब्रेक पॅड बदलले, मागच्या सीटचे अडकलेले पट्टे मोकळे करून घेतले. पैसे थोडे उरले, त्याचं वायपर. स्टेपनी अजून जुनीच आहे, ती पुढच्या महिन्यात.