रेघ आणि सांवली

‘चित्र काढणें ही उपजत देणगी आहे, ती ज्याला लाभली त्याला लाभली, इतरांनीं त्या वाटेस जाऊं नये,’ असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि पुष्कळ आढळतो. या समजुतीपायीं किती मुलांच्या हातांतील पेन्सिल कायमची सुटली असेल, याची गणती कोण करणार? मीहि त्यांपैकींच एक. लहानपणीं माझ्या वहींतला घोडा पाहून सारा वर्ग हंसला, आणि त्यानंतर चाळिशी उलटेपर्यंत मीं चित्राची म्हणून एक रेघ ओढली नाहीं.

गेल्या वर्षीं मात्र आमच्या अकोल्याच्या घरीं पुतण्यानें एलिमेंटरी रेखाकला परीक्षेस बसण्याचें ठरविलें. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन असे या शासकीय परीक्षेचे विषय. पैकीं वस्तुचित्रापाशींच त्याचें घोडें अडलें. पुढें मांडलेली मातीची रिकामी कुंडी कांहीं केल्या कागदावर उतरेना. चार दिवसांनीं ‘मला हें यायचें नाहीं,’ असें म्हणून त्यानें वही मिटली. तीस वर्षांपूर्वीं मीं उच्चारलेलें तेंच वाक्य! मला राहवलें नाहीं. दुसरा कागद घेऊन मी त्याच्या शेजारीं बसलों.

आमची चूक दाखविली ती वहिनींनीं. रोज दारापुढें ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या त्यांच्या डोळ्यांस मापाची संवय. त्या म्हणाल्या, “भावजी, कुंडीचें तोंड वाटोळें असतें हें ठाऊक आहे, म्हणून तुम्ही दोघांनीं तें वाटोळें काढलेंत. पण येथून तें तसें दिसतें का?”

खरोखरच दिसत नव्हतें. कुंडीचें तोंड डोळ्यांच्या पातळीवर असेल तर तें नुसती आडवी रेघ दिसतें; तें खालीं खालीं नेलें कीं त्याचें लंबवर्तुळ होऊन तें रुंदावत जातें. बूड जमिनीला टेकलें आहे म्हणून आम्हीं तें सरळ रेघेनें संपविलें होतें. वास्तविक तें डोळ्यांपासून अधिक खालीं, म्हणून त्याचा बांक तोंडाच्या बांकापेक्षांहि अधिक हवा. चित्रकलेचा पहिला धडा हाच : मनाला जें ठाऊक आहे तें नव्हे, तर डोळ्यांना जें दिसतें तें काढावें. मापासाठीं हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत कुंडीची उंची तिच्या रुंदीच्या किती पट आहे तें पाहावें, बारकावे मागाहून.

दुसरा धडा सांवलीचा. वस्तूवर एकाच खिडकींतून उजेड येऊं द्यावा. मग डोळे किंचित् मिटून पाहिलें असतां बारीकसारीक तपशील पुसले जाऊन छटांचे मोठे भाग तेवढे उरतात : उजेडाचा भाग, मधली छटा, गडद छटा आणि जमिनीवरील पडछाया. गडद बाजूची अगदीं कडा मात्र जराशी उजळच असते, कारण जमिनीवरून परतलेला प्रकाश तेथें पोहोंचतो. नवशिका नेमकी तीच कडा काळी करतो, आणि कुंडी चपटी होते. पडछाया बुडापाशीं सर्वांत गडद व रेखीव. दूर जातां जातां ती विरळ होत जाते.

साधनें फार नकोत. ग्राफाइटच्या भुकटींत चिकणमाती मिसळून भाजण्याची युक्ति कॉन्ते या फ्रेंच गृहस्थानें १७९५ मध्यें काढली. माती अधिक असेल तर पेन्सिल कठीण, ती ‘एच’. ग्राफाइट अधिक असेल तर मऊ व काळी, ती ‘बी’. बाह्यरेषेस ‘एचबी’ आणि छायेस ‘टूबी’ व ‘फोरबी’ पुरे. बोटानें मात्र घासूं नये. छटा रेघांवर रेघा देऊनच चढवावी.

एके सकाळीं मी पुतण्यास प्रवरेकांठच्या सिद्धेश्वराच्या देवळांत घेऊन गेलों. दगड सारा एकाच रंगाचा. तरी तिरप्या उन्हांत नक्षीची प्रत्येक कड वेगळी दिसत होती. सावलीवांचून ती दिसलीच नसती. मुंबईस १८५७ सालीं स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेंत प्लास्टरच्या पांढऱ्या पुतळ्यांवरून छायाभ्यास करवीत, त्याचें मर्म मला तेथें कळलें : रंगाचा मोह दूर झाला कीं घडण दिसूं लागते.

महिनाभर रोज अर्धा तास आम्ही दोघे खिडकीशीं बसलों. परीक्षेंत पुतण्यास ‘क’ श्रेणी मिळाली. पण वही पुन्हां मिटली नाहीं. आमच्या आईनें त्याचें शेवटचें चित्र हातीं घेऊन पुष्कळ वेळ न्याहाळलें आणि ती म्हणाली, “ही कुंडी उचलतां येईल हो!” याहून वरची श्रेणी कोणता परीक्षक देणार?

आपल्या घरींहि खिडकी आहे, कुंडी आहे, आणि ‘मला येत नाहीं’ म्हणणारें एखादें मूल – कदाचित् एखादें वडील माणूसहि – असेलच. त्यास हंसूं नका. त्याच्या शेजारीं कागद घेऊन बसा.