गेज, स्टॉपवॉच आणि नववीतल्या मुली

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये गो-नोगो गेज लावतात: मापात बसला तर पार्ट पास, नाहीतर रिजेक्ट. पार्टला लाज वाटत नाही. ते पार्ट तपासणाऱ्यांच्या मुली मात्र पीटीच्या तासाला वजनकाट्यावर चढतात, तेव्हा मागे अख्खा वर्ग उभा असतो.

‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत मोठ्या मुलांसाठी बीएमआय, 50 आणि 600 मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे कर्ल-अप आणि पुश-अप्स असतात. मुलींनी पुश-अप्स गुडघे टेकून मारायचे. सवलतच ती, पण मुलांना खिदळायला आयतं निमित्त.

खरी गोम 600 मीटरमध्ये आहे. दहा-अकराव्या वर्षापर्यंत मुलं-मुली धावण्यात फार मागेपुढे नसतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू वाढतात, हिमोग्लोबिनही वाढतं. मुलींच्या शरीरात त्याच काळात चरबीचं प्रमाण वाढतं, आणि ते नैसर्गिकच आहे. परिणामी मुलाची वेळ दरवर्षी आपसूक सुधारते, मुलीची बऱ्याचदा सातवीत होती तिथेच अडकते. तिला वाटतं, आपणच आळशी.

त्यात रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मैदानाच्या दुसऱ्या फेरीतच धाप लागते. ‘मॅडम, पोटात दुखतंय’ हे दरवेळी निमित्त नसतं. कधी पाळी असते, कधी नुसतीच बघणाऱ्यांची धास्ती.

गौडास, बिडल आणि फॉक्स या संशोधकांनी 1994 मध्ये शाळकरी मुलांच्या तंदुरुस्ती चाचणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतरांवर मात करण्यापेक्षा स्वतःची प्रगती पाहणाऱ्या मुलांना चाचणीत अधिक रस वाटत होता. माझ्या मते आपल्या शाळांत नेमकं उलटं चालतं: वजन मोठ्याने वाचायचं, वेळ सगळ्यांसमोर सांगायची. जूनची आणि जानेवारीची वेळ मुलीच्याच वहीत शेजारी शेजारी लिहायला, वजन आडोशाला घ्यायला काही खर्च नाही. वर्कशॉपमध्येसुद्धा पार्ट सारखे रिजेक्ट व्हायला लागले तर आधी मशीनचं सेटिंग बघतात.

सरकारी योजनेत मुलींना शाळेतच आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती किती जणी गिळतात, किती जणी मळमळतं म्हणून टाकून देतात, हे 600 मीटरच्या वेळेशेजारी कोणी लिहीत नाही. चाचणीत तसा रकानाच नाही.