किल्लीतली किल्ली

गेल्या मे महिन्यातली दुपार. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. नीरेचा पूल ओलांडला, शिरवळ आलं. खंबाटकीचा घाट चढण्याआधी जेवून घ्यावं म्हणून गाडी उभी केली. सोबत माझी थोरली बहीण, आपा. तिला जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. टेबलाशी बसलो आणि आठवलं, औषधाची पिशवी गाडीतच राहिली. परत गेलो, किल्लीचं बटण दाबलं. गाडी ढिम्म. दहा वेळा दाबलं, सदऱ्याला पुसून दाबलं. काचेतून पिशवी दिसत होती, बाहेर ऊन रणरणत होतं आणि किल्ली हातात असून मी कुलपाबाहेर होतो.

शेवटी शेजारच्या घड्याळाच्या दुकानातला मुलगा आला. त्यानं किल्लीची एक खिट्टी सरकवली आणि आतून लोखंडी पातं बाहेर ओढलं. म्हणाला, "काका, किल्लीतच किल्ली असते की!" चार वर्षं ती माझ्या खिशात होती.

मंडळी, त्या दिवशी कळलं की रिमोटच्या त्या डबीत एक नव्हे, तीन किल्ल्या असतात. त्यातली कोणती रुसली हे ओळखलं की निम्मं काम झालं.

पहिली किल्ली रेडिओची. बटण दाबलं की ती एक इवलं प्रक्षेपण करते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतं. त्याला लागतो बटणाएवढा सेल. तो एकाएकी मरत नाही. आधी लांबून उघडणारी गाडी जवळ गेल्याशिवाय उघडेनाशी होते. मला दोन महिने ही सूचना मिळत होती. मी ती ऐकली नाही.

दुसरी किल्ली म्हणजे आतली चिप. गाडी सुरू करण्याची परवानगी तीच देते आणि तिला सेल लागत नाही. टोलनाक्यावरचा फास्टॅग आठवा. काचेवरच्या त्या चिठ्ठीत कुठं सेल असतो? नाक्यावरच्या लहरींनीच ती जागी होते. तसंच इथं. म्हणून बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत सेल संपला तरी किल्ली त्या बटणाला टेकवून ते दाबावं. बहुतेक गाड्या सुरू होतात. काहींत किल्ली ठेवण्याची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

तिसरी किल्ली लोखंडी. तिचं छिद्र बहुधा चालकाच्या दाराच्या मुठीपाशी, कधी टोपणाखाली लपलेलं असतं. या पात्यानं दार उघडलं की काही गाड्या बोंब ठोकतात. माझीही ठोकली, सगळं हॉटेल मला चोर समजून पाहू लागलं. घाबरू नये. चिपची ओळख पटून गाडी सुरू झाली की ती गप्प होते.

आता दोष शोधायचा कसा? घरातली दुसरी किल्ली वापरून पाहा. ती चालली तर दोष पहिलीत. दोन्ही मुक्या असतील आणि गाडीतले दिवेही मंद असतील, तर गाडीची बॅटरी उतरली असावी. सेल बदलताना जुन्यावरचा आकडा वाचून तोच घ्या. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा लिथियम सेल. २०२५ त्याहून पातळ, म्हणून तो त्या जागी सैल बसतो. अधिक चिन्हाची बाजू पाहून बसवा. किल्ली पावसात भिजली असेल तर सेल लगेच काढा आणि ती पुरती वाळल्यावरच बसवा.

नव्या सेलनंही काम झालं नाही तर? दर वेळी बटण दाबलं की किल्ली नवा सांकेतिक आकडा पाठवते, म्हणजे चोरानं जुना पकडला तरी उपयोग नाही. किल्ली आणि गाडी जणू एकसारखी माळ ओढत असतात. गाडीपासून दूर, घरात नातवंडानं शेकडो वेळा बटण दाबलं, तर किल्ली मणी पुढं सरकवते, गाडी मागंच राहते. दोघींचा मेळ पुन्हा घालण्याची रीतही पुस्तिकेत असते; काही गाड्यांचा मेळ मात्र कारागिराकडेच घालावा लागतो.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. अशा वेळी उलटी काढायला लावू नये. तडक इस्पितळ गाठावं. आणि मूल बंद गाडीत अडकलं असेल आणि दार उघडत नसेल, तर कारागिराची वाट न पाहता त्याच्यापासून दूरची काच फोडावी.

औषध थंड पाकिटात होतं म्हणून त्या दिवशी निभावलं. आपा जेवली आणि घाट चढताना म्हणाली, "आजपासून पिशवी माझ्या हातात, आणि ती लोखंडी किल्ली कशी निघते तेही मला दाखव." आज घरी गेल्यावर आपणही तेवढं करा. गाडी उघडी असतानाच, एकदा ते पातं ओढून पाहा.