काळीज आणि काळजी

मराठी माणसाने हृदयाला नावे तरी किती दिली आहेत! कवीचे ते हृदय, आईचे ते काळीज आणि शूराची ती छाती. वीस वर्षे मी वर्गात हे शब्द समजावून देत आले. पण कागदावर रेघांनी उमटणारे हृदय मला वर्षातून एकदाच भेटते, आमच्या यजमानांच्या तपासणीच्या दिवशी.

माझे सासरे बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. यजमान आता अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. ही वजाबाकी आमच्या घरात कुणी मोठ्याने करीत नाही. मी मात्र दिवाळीआधी डॉक्टरांची वेळ ठरवते आणि तेही मुकाट्याने निघतात.

पहिली पायरी ईसीजीची. हातापायांना चिमटे, छातीवर सहा चकत्या, की पाच मिनिटांत काम आटोपते. हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइंटहोव्हन यांनी १९०३ साली हृदयाची वीज टिपणाऱ्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते धूड सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे! १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातील चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आजही चालतात.

"अगं, माझ्या हृदयात एवढीच अक्षरे? तुझे आद्याक्षर तर त्यात नाहीच!" यजमान म्हणाले.

खरी परीक्षा ट्रेडमिलची. अमेरिकेतील सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ, दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा केले की नाडीच्या ठोक्यांची अंदाजे कमाल मिळते. यजमानांची १७२. निदान तिच्या ८५ टक्के, म्हणजे १४६ पर्यंत तरी नाडी जावी लागते.

दाराबाहेरच्या बाकावर मला फक्त पावले ऐकू येत होती. तीन मिनिटे झाली, पावले जलद पडू लागली. सहा झाली, आणखी जलद. शेजारच्या आजींनी विचारले, "पहिल्यांदाच आलात का, बाई?"

"नाही हो, दरवर्षी येतो."

"मग सवय झाली असेल."

मी मान हलवली. नवव्या मिनिटानंतर पावले मंदावली, थांबली. दार उघडेपर्यंत समोरचा फलक मी चार वेळा वाचला. त्यावर काय लिहिले होते ते मात्र विचारू नका!

आलेख चांगला निघाला. बसल्या जागीचा रक्तदाब मात्र १३८ आणि ८८. डॉक्टर म्हणाले, "दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. चहाचा एक चमचा, लोणचे-पापडासकट! आणि ही चाचणी म्हणजे वर्षाची हमी नव्हे. छातीत दडपण, धाप, घाम, हात किंवा जबडा दुखणे, यांतले काही झाले तर पित्त म्हणून घरी बसू नका. बायकांत कधी नुसता थकवा नि मळमळच असते. तेव्हा पुढच्या खेपेस दोघांची तपासणी करू."

वाचकहो, काळीज आणि काळजी हे शब्द कोशात जवळपासच राहतात. घरातही तसेच. पण काळजी नुसती मनात बाळगून भागत नाही. वर्षातून एकदा तिला दवाखान्याची पायरी चढवावी लागते.